एकाहत्तरावं वाक्य

"नाही काका, लेतू नाही. माणकू म्हणा."

लेतूकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेपरेकॉर्डरच्या फिरणाऱ्या चाकांकडे. "लेतू म्हनलं त काय होते?"

"तुम्ही माझ्यासमोर बसलाय. समोर बसलेला माणूस बुडाला असं कोणी कसं म्हणेल? ऐकायला खोटं वाटतं. माणकू इथे नाहीये, म्हणून त्याचं नाव."

"असं काय," ते म्हणाले. घसा खाकरला आणि कोलामीत पुन्हा तेच वाक्य बोलले. लेतू बुडाला.

मी टेप थांबवला आणि वहीत पेन्सिलीने लिहिलं, 'क्र. ६१. वक्त्याची चूक, नाव बदलले, दोनदा'. ती वही माझ्याकडे अजून आहे. अक्षर गोलसर, टापटिपीचं, सव्वीस वर्षांच्या शहाण्या मुलीचं. त्या मुलीला आता भेटले असते तर दोन शब्द सुनावले असते, पण तिने ऐकून घेतले असते असं वाटत नाही.

एकोणीसशे शहाऐंशीचा ऑक्टोबर होता. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नदीकाठच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे पंधरा-वीस घरांच्या वस्तीवर, मी दीड महिना लेतू टेकाम यांच्या घरी राहत होते. घरात काका, त्यांची बायको मुत्तीबाई आणि मुलगा माणकू. माणकू अठ्ठावीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. मला ताई म्हणायचा, मी वयाने लहान असूनही.

माझा पीएच.डी.चा विषय क्रियापदांचा होता. काही क्रियापदांच्या पोटातच शेवट असतो, काहींच्या नसतो. माणकू चालत होता म्हटलं, की तो चालला हे त्यात आलंच. पण माणकू नदी ओलांडत होता म्हटलं, तर ओलांडली की नाही ते कळत नाही. शिवाय मराठीत 'माणकूने नदी ओलांडली' म्हणताना माणकूला 'ने' लागतो, 'माणकू बुडाला' म्हणताना लागत नाही. ओलांडणं माणूस करतो, बुडणं त्याच्यावर येतं, आणि वाक्याची ठेवण त्याप्रमाणे बदलते. कोलामी मराठीच्या घरातली भाषा नव्हे, ती तेलुगूच्या घरातली. तिथे वाक्य कोणत्या बाजूने वाकतं, ते मला पाहायचं होतं. त्यासाठी एकशे चाळीस वाक्यांची यादी करून आणली होती. मी मराठीत वाक्य सांगायचं, काकांनी ते कोलामीत म्हणायचं, टेपने ते साठवायचं.

यादी देताना आमच्या सरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, वाक्यात रोजच्या ओळखीची माणसं घाला, राम आणि शाम आणलेत की लोक पाठ म्हटल्यासारखं बोलतात. दोन, यादीचा क्रम कुठल्याही कारणाने बदलू नका. सरांचा शब्द माझ्यासाठी वेदवाक्य होता.

त्या दिवशी नदीपलीकडे बाजार होता. टेपचे सेल संपत आले होते, म्हणून सकाळी माणकू निघताना म्हणाला, "ताई, सेल मी आनतो. तुमी काम थांबवू नोका." नदीला तेव्हा गुडघाभर पाणी होतं. तो हिरव्या नायलॉनची पिशवी खांद्याला अडकवून गेला आणि मी उरलेल्या सेलांवर एकसष्टपर्यंत आले. सगळी वाक्यं त्याच्याच नावाची. माणकू निघाला. माणकू चालत होता. माणकू पाण्यात उतरला. माणकू नदी ओलांडत होता, पण ओलांडली नाही. माणकू बुडत होता, पण बुडाला नाही.

इथपर्यंत काका सरळ बोलत होते. एकसष्टवर अडले.

"काका, सेल संपत आलेत," मी म्हणाले. आवाजात जरा धार आली असावी. "एकदाच म्हणा. माणकू."

अंगणात मुत्तीबाई सुपात तूर पाखडत होत्या. सूप थांबलं. काका नदीच्या दिशेला बघत राहिले. नदी तिथून दिसत नव्हती, मधे पळसाची दाटी होती. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले. माणकू बुडाला.

मी वहीत बरोबरची खूण केली. बासष्ट होतं, माणकू मरत होता. त्रेसष्ट, माणकू मेला. दोन्ही त्यांनी एका दमात म्हणून टाकली, माझ्याकडे न बघता. मुत्तीबाई सूप खाली ठेवून उठल्या, पाण्याची गुंडी कमरेवर घेतली आणि नदीकडे चालू लागल्या. घरातला रांजण भरलेला होता हे मी सकाळीच पाहिलं होतं, पण तेव्हा ते डोक्यात आलं नाही.

चाकं मंदावली. मी बटण दाबून टेप बंद केला. "पुरे आज."

काका उठले नाहीत. "बाई, तुह्या कागदात तो घरी येते का नाय?"

"येतो की. एकाहत्तरावं वाक्य. माणकू घरी पोचला."

"थे आज घे."

"उद्या घेऊ. सेल संपले."

"आमच्या बॅटरीतले देतो ना." घरात एक टॉर्च होता, त्याला ते बॅटरी म्हणत.

"काका, मधली सात वाक्यं सोडून एकदम एकाहत्तर नाही घेता येत. क्रम बदलायचा नसतो."

त्यांनी पुन्हा विनवलं नाही. नुसती मान हलवली, अंगणातल्या खाटेवर जाऊन बसले आणि चिलीम हातात घेतली, पेटवली मात्र नाही. मी वही बंद केली. भूक लागली होती, कामाचा टप्पा गाठल्याचं समाधान होतं. तो क्षण मी पुष्कळदा आठवून बघितला आहे. मला काहीसुद्धा जाणवलं नव्हतं.

मी जेवायला बसले तेवढ्यात मुत्तीबाई परत आल्या. गुंडी रिकामी होती.

"पानी चढून रायलं," त्या म्हणाल्या. "लालभडक."

आभाळ निरभ्र होतं. ऊन एवढं की अंगणात पाय ठेववत नव्हता. वर कुठे डोंगरात पाऊस झाला असेल नाहीतर कुठल्या तलावाचा बांध फुटला असेल, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही तिघं पळसातून धावत खाली गेलो. सकाळी मी जिथे कपडे धुतले होते तो खडक दिसेना. पाणी गढूळ, जाड, आणि त्याचा आवाज दबका. त्यात झाडाच्या फांद्या, कोंबड्यांचा एक मोडका डालगा, बरंच काही वाहत होतं. एवढ्या उन्हात एवढं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं.

काठावर बाजारातून परतलेली पोडावरची तिघं माणसं उभी होती, कमरेपर्यंत ओली. पाणी वाढायला लागलं तेव्हा ते कसेबसे अलीकडे आले होते.

"माणकू?" काकांनी विचारलं.

"माणकू मांगं रायला," त्यातला एक जण म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. "दुकानदारानं जुने सेल देल्ले व्हते. अर्ध्या रस्त्यात ध्यानात आलं, म्हनून बदलाले वापस गेला. म्हने ताईचं काम अडंल."

मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. मी म्हणाले, "मग तो तिकडेच थांबला असेल. एवढं पाणी बघून कोणी उतरणार नाही." मी तेच पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

तेवढ्यात मुत्तीबाई खालच्या अंगाला चालत गेल्या आणि एका बाभळीपाशी थांबल्या. झाडाचं खोड अर्धं पाण्यात होतं, काटेरी फांदीला काहीतरी हिरवं अडकलं होतं. त्यांनी काठीने ओढून घेतलं. हिरव्या नायलॉनची पिशवी. आत मिठाची पुडी विरघळून गेलेली आणि एक नवा कंगवा. सेल नव्हते.

मुत्तीबाईंनी पिशवी पिळली, घडी केली आणि छातीशी धरली. रडल्या नाहीत. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तूनं त्याच्या बापाच्या तोंडातून वदवलं," त्या म्हणाल्या. "मी आयकलं. दोनदा त्यानं सोताचं नाव घेतलं. तूनं आयकलं नाय."

"मुत्तीकाकू, ते नुसतं वाक्य होतं."

"मंग मेला बी म्हनवलं."

मी काका काहीतरी म्हणतील म्हणून त्यांच्याकडे पाहिलं. ते नदीकडे पाठ करून घराकडे निघाले होते. एवढी माणसं काठावर उभी असताना मुलाचा बाप घराकडे का जातोय, ते कोणाला कळेना. मी त्यांच्यामागे धावले, माझ्यामागे मुत्तीबाई.

घरात जाऊन त्यांनी खुंटीवरचा टॉर्च काढला, मागचं झाकण फिरवलं आणि दोन सेल माझ्या हातावर ठेवले. "आता घे."

"जाळ थे," मुत्तीबाई दारातून म्हणाल्या. "पट्टी काढ आन चुलीत घाल."

मला ते पटलं. मी कॅसेट बाहेरही काढली. सहा आठवड्यांचं काम त्या क्षणी मी चुलीत घातलं असतं, शप्पथ. पण काकांनी माझं मनगट धरलं.

"जाळू नोको. आतमंदी तो बुडला हाय. जाळलं त बुडलेलाच जळंल. त्याले घरी आन."

मी शिकलेली मुलगी होते. लोखंडाची धूळ फासलेली प्लॅस्टिकची पट्टी म्हणजे काय, ती आवाज कसा धरते, हे मला कोणालाही समजावून सांगता आलं असतं. तरी त्या वेळी मला काकांचं म्हणणं सरळ आणि खरं वाटलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. घाईत सेल दोनदा उलटे बसले. चार सेलांपैकी दोन टॉर्चमधले, दोन मेलेले. चाकं फिरली, पण रडतखडत.

"सांग," काका म्हणाले.

"क्रमांक एकाहत्तर," मी म्हणाले. सवयच ती. "माणकू घरी पोचला."

काका टेपच्या पेटीवर वाकले आणि शब्द सुटे करून, लहान मुलाला शिकवावं तसं ते वाक्य म्हणाले. मग उठले, दोरखंड खांद्यावर टाकला, काठी घेतली. "मी पाह्यतो त्याले," एवढंच म्हणून ते पळसात शिरले.

आम्ही दोघी अंगणात राहिलो. तीन वाजले असतील. नदीकाठावरून मधूनच हाका ऐकू येत, त्यातली एकही आनंदाची नव्हती. कोणी पळत आलं की आम्ही दोघी उठून उभ्या राहायचो. मुत्तीबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुष्कळ वेळाने म्हणाल्या, "बाई, तुह्या घरी असंच बोलतेत का मानसाईबद्दल?"

मी सांगली-मिरजेकडच्या घरात वाढलेली. आमच्याकडे कोणी सहज जरी 'मरू दे' म्हणालं, तरी आई दटावायची. वास्तू तथास्तु म्हणत असते, अभद्र बोलू नये. भाऊ सायकलवरून यायला उशीर झाला आणि 'पडला असेल कुठे' असं मी म्हणाले, तर आईने हात उगारला होता. हे सगळं मला त्या अंगणात एकदम आठवलं.

"नाही," मी म्हणाले. "आई रागावते."

"मंग?"

यादी पुण्यात बसून केली तेव्हा माझ्या भावाचं नाव त्या एकसष्टपुढे मी घातलं असतं का? पेन्सिल हातातून पडली असती. इथे ते चालेल असं मला वाटलं होतं. का वाटलं, ते मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

"चुकलं," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

चारच्या सुमाराला घरामागच्या वाटेने, नदीच्या उलट बाजूने, कोणीतरी येताना दिसलं. उंच माणूस, धुळीने माखलेला, चप्पल हातात. मुत्तीबाई उठल्या, पिशवी खाली पडली. माणकू होता. त्याला कशी हाक मारावी हेही त्यांना सुचेना, त्यांनी नुसते त्याचे दोन्ही दंड धरले आणि दाबून पाहिले.

तो पाण्यात उतरला होता. चार पावलं गेला तर पाणी मांड्यांना लागलं, पिशवी ओढली गेली, तसा माघारी फिरला. मग वरच्या अंगाला सडकेच्या पुलापर्यंत चालत गेला आणि वळसा घालून आला. चांगला तीन कोसांचा फेरा. "ताई," तो म्हणाला आणि शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेले चार सेल काढून माझ्यापुढे धरले. "हे नवे हायेत. पाह्यून घेतले."

मी ते सेल घेतले आणि ढसाढसा रडले. मुत्तीबाईसुद्धा आता रडत होत्या, हसत होत्या, त्याच्या पाठीवर बुक्के मारत होत्या. दहा मिनिटं तरी आम्हाला दुसरं काही सुचलं नाही.

"बा कोठी हाय?" माणकूने विचारलं.

काका तासभर झाला गेले होते. काठावरची माणसं वरच्या अंगाला होती, काका बाभळीच्या बाजूला, खाली, एकटेच गेले होते. माणकू आल्या पावली पळाला.

मुत्तीबाई ओटीवर बसल्या. थोडं शांत झाल्यावर म्हणाल्या, "थे लाव. माह्या पोराले घरी आनलं थे आयकू दे."

मी नवे सेल घातले आणि टेप मागे घेतला. जरा जास्तच मागे गेला. आधी माझा आवाज आला, शिष्ट आणि घाईतला. मग काकांचा. लेतू बुडाला. पुन्हा माझा, नाही काका, लेतू नाही. पुन्हा त्यांचा. लेतू बुडाला. मग तिसऱ्यांदा, माणकू. मग बासष्ट, त्रेसष्ट. आणि शेवटी एकाहत्तर. चाकं रडतखडत फिरताना घेतलेलं ते वाक्य आता भरभर आणि चिरक्या आवाजात आलं, जणू एखादं पोर बोलत होतं. माणकू घरी पोचला.

वाक्य संपलं तरी मी बटण दाबलं नाही. दुपारभर ते माझ्यासमोर होतं. मी ते चूक म्हणून वहीत नोंदवलं होतं. म्हातारा माणूस, नाव चुकतो, असं समजले होते. त्यांनी दोन वेळा मुलाच्या जागी स्वतःला घातलं, आणि मी दोन्ही वेळा त्यांना तिथून बाहेर काढून मुलाला घालायला लावलं. तरी ती दोन वाक्यं तशीच आत राहिली होती.

मुत्तीबाई माझ्याकडे बघत होत्या. "पोराले आनलं," त्या हळू म्हणाल्या. "त्याले कोनी नाय आनलं."

"मी म्हणते," मी म्हणाले. "मी म्हणते मुत्तीकाकू, मला येतं वाक्य."

"तुह्या म्हनन्यानं नाय होत. तू कोनाची कोन?"

त्या पेटीसमोर येऊन बसल्या. पदर डोक्यावर ओढून घेतला, सरळ कपाळापर्यंत. मला काही वेळ कळलं नाही त्या का थांबल्यात. मग लक्षात आलं. दीड महिन्यात मी त्यांच्या तोंडून नवऱ्याचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं. माणकूचा बा, म्हातारा, नाहीतर नुसतं 'आयकलं का'. माझ्या आईनेही लग्नातल्या उखाण्यानंतर वडिलांचं नाव कधी घेतलं नव्हतं. मुत्तीबाईंनी तर मला एकदा सांगितलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांची आई म्हणायची.

म्हणजे त्यांना दोन्हीकडून भीती होती. नाव घेतलं तरी, न घेतलं तरी.

"दाब," त्या म्हणाल्या.

मी बटण दाबलं. चाकं जोरात फिरत होती, नवे सेल. क्रमांक सांगायला माझी जीभ उचलली नाही. मुत्तीबाईंनी डोळे मिटले. पहिल्यांदा नुसता श्वास आला. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, काका जसे म्हणाले होते तसंच, फक्त नाव दुसरं. लेतू घरी पोचला. नाव उच्चारताना आवाज फाटला, पण ते पुरं उच्चारलं. मग तोंडावर पदर धरला आणि बाजूला सरकल्या. मी त्यांचा हात धरला आणि त्यांनी धरू दिला.

त्यानंतरचे दोन तास कसे गेले ते मला सांगता येत नाही. दिवेलागणीला माणकू आणि दुसरा एक जण काकांना दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. अंगावर चिखल, डाव्या पायाची नडगी सोललेली, ओठ काळेनिळे. पिशवी जिथे सापडली त्या बाभळीच्या खाली त्यांना पाण्यात काहीतरी पांढरं दिसलं होतं. माणकूचा शर्ट वाटला, म्हणून ते उतरले. खताचं रिकामं पोतं होतं ते. पाण्याने त्यांना ओढलं, आणि पुढे एका करंजाच्या मुळ्या हाताला लागल्या. तिथे ते माणकू दिसेपर्यंत लोंबकळत होते.

मुत्तीबाईंनी चुलीजवळ घोंगडी अंथरली. काका बसले, शेकले, माणकूकडे बघून घेतलं. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता हे मला निघून जा म्हणतील.

"बुडत व्हतो," ते म्हणाले. दात वाजत होते. "बुडलो नाय. लिहून घे. तुह्या कामाचं हाय."

मी वही उघडली नाही. पण खोटं कशाला बोलू, ते वाक्य मी मनात ऐकलं आणि त्याची ठेवण लक्षात ठेवली. मग स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी काकांनीच मला हाक मारून बसवलं आणि चौसष्टपासून पुढची सगळी यादी पुरी केली. मरण्या-बुडण्याच्या वाक्यांत मी नावं काढून दगड, ओंडका, भोपळा असं काहीबाही घातलं. प्रबंध झाला, पदवी मिळाली, पुढे तीस वर्षं शिकवलं. माझ्या याद्यांत नेहमी दगडच का बुडतो, म्हणून विद्यार्थी चेष्टा करत. मी त्यांना करू दिली.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या पावसाळ्यानंतर माणकूचा फोन आला, तालुक्याच्या गावावरून. बा गेला. आजारी नव्हता, म्हातारपणाने, झोपेत. "मायनं तुमाले बलावलं हाय, ताई. थे पेटी आन थे पट्टी घिऊन या म्हने."

मला वाटलं, त्यांना आवाज ऐकायचा असेल. कॅसेट मी शिकवत होते त्या संस्थेच्या कपाटात होती. मी सही करून ती काढून घेतली आणि गेले. पोडाजवळही नदीवर आता पूल होता.

मुत्तीबाई फार वाळल्या होत्या. दुपारची वेळ, तरी घराचं दार बंद होतं. मी आत गेल्यावर त्यांनी ते पुन्हा लावून कडी घातली. समोर बसल्या. मी टेप लावला. काकांचा आवाज आला तेव्हा माणकूने तोंड फिरवलं, मुत्तीबाई मात्र एकटक ऐकत राहिल्या. लेतू बुडाला, लेतू बुडाला, सगळं. मग माणकू घरी पोचला, त्या चिरक्या पोराच्या आवाजात. मग त्यांचा स्वतःचा.

"हे काढ," त्या म्हणाल्या.

"कोणतं?"

"हे. माहं."

"काकू, हे तर सगळ्यात—"

"मी त्याले घरी बलावलं हाय त्याच्यात. तवा बलावलं, तो आला. आता रोज दिवेलागनीले येते. पाय वाजतेत. दारापासी थांबते." त्या दाराकडे बघत नव्हत्या, मुद्दाम बघत नव्हत्या. "त्यानं आता जाले पायजे, बाई. मी बलावून ठेवलं त कसा जाईल?"

माणकू जमिनीकडे बघत होता. मला वाटतं, पावलं त्यानेही ऐकली असावीत. समजावण्याच्या पुष्कळ गोष्टी मला येत होत्या. त्यातली एकही मी बोलले नाही.

मी टेप मागे घेतला आणि त्या वाक्याच्या सुरुवातीला नेमका थांबवला. "आता कोणी बोलू नका," मी म्हणाले आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. आम्ही तिघं दहा-बारा सेकंद गप्प बसलो. बाहेर एक कोंबडी ओरडत होती. मग मी टेप थांबवला.

संस्थेच्या यादीत त्या जागी आता लिहिलेलं आहे, 'क्र. ७१ (ब): ध्वनी नाही, कारण अज्ञात'. ती नोंद माझ्याच अक्षरात आहे.

"पाह्य," मुत्तीबाई म्हणाल्या. "गेला का?"

मी लावून दाखवलं. माणकू घरी पोचला. त्यानंतर फक्त कोंबडी.

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. दोन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकलं. मग त्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, दारापाशी गेल्या, कडी काढली आणि दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत उघडून दिल्या.